मागाच्या खटखटीतलं गाणं

म्हातारपणी माणसाला देवाचा नाद लागतो. गणपतरावांना जुन्या रेकॉर्डींचा लागला. दर रविवारी ते गांधीबागेत रुपरावच्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन बसत आणि शास्त्रीय गाण्याची एखादी तबकडी काखेत मारून घरी येत. पोरगा दुर्गेश हसायचा, "बाबा, मोबाईलवर सगळं भेटते. नाव सांगा फक्त."

नाव ठाऊक असतं तर रडणं कशाचं होतं! तरुणपणी गणपतराव हातमागावर लुगडी विणायचे आणि शेजारी बसून त्यांची बायको जिजाबाई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. रोज सकाळी समोरच्या घरातून एका बाईचं गाणं यायचं. तीच रेकॉर्ड, वर्षानुवर्षं. मागाच्या खटखटीत शब्द कधी कळले नाहीत, पण त्या गाण्यावर काठ भरभर उतरायचा. माग जाऊन जमाना झाला. आता डोळे मिटायच्या आत ते गाणं एकदा शांतपणे, नीट ऐकायचं, एवढीच इच्छा राहिली होती.

रुपराव बिचारा रेकॉर्डी लावून लावून थकला.

"हे का, काका?"

"नाही गा. पण आवाज तसाच वाटून राहिला. दे बांधून."

घरी आल्यावर दारं-खिडक्या लावून, पंखासुद्धा बंद करून ते ऐकायचे, आणि तोंड पाडून रेकॉर्ड कपाटात ठेवायचे.

परवा त्यांनी अगदी पहिल्या खेपेला आणलेली रेकॉर्ड उगाच पुन्हा लावली. आत जिजाबाईंना जवसाची चटणी कुटायची होती, आणि गाण्यासाठी स्वयंपाक थांबवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. खलबत्त्याची खटखट सुरू झाली. गणपतराव ओरडायला म्हणून उठले आणि जागीच उभे राहिले. मागाच्या पावड्या दाबाव्यात तसे पाय आपोआप हलायला लागले. हेच ते! काखेत कळसा अन् गावाला वळसा. म्हाताऱ्याला भरून आलं.

तेवढ्यात खटखट थांबली आणि गाणं पुन्हा परकं झालं.

"काहून थांबली वं? कूट नं!"

"चटणी झाली जी."

"झाली तं झाली. तू कूट. समोरच्या घरचं गाणं आहे हे. आपल्या मागावरचं."

जिजाबाईंनी जरा कान दिला. मग चटणी ताटलीत काढली आणि रिकाम्या खलात कुटत बसल्या. रेकॉर्ड संपली तरी बत्ता त्यांच्या हातातच होता.

"पलटवा जी," त्या म्हणाल्या. "दुसरी बाजू राह्यली नं."