नळदुर्गवरचे सहा गोल

बसूअण्णा गेल्याचं त्याच्या थोरल्या मुलानं फोनवर कळवलं. “काका, अप्पा गेले,” एवढंच म्हणाला. मी मिळेल त्या गाडीनं उमरग्याला पोचलो. दारात माणूस मावत नव्हता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसता केला होता. कपाळभर विभूती, गळ्यात हार, पाठ भिंतीला टेकलेली. साठ वर्षांच्या दोस्तीत हा गडी इतका वेळ गप्प बसलेला मी पाहिला नव्हता... नंतर पेपरात चौकट आली. ज्येष्ठ अडत व्यापारी, अमक्या मठाचे विश्वस्त, तमक्या शाळेचे देणगीदार. सगळं खरं. पण एकेकाळी उमरग्याच्या फुटबॉल टीममागचा सगळ्यात मोठा गळा त्याचा होता, हे कुणी लिहिलं नाही. लिहिणार तरी कोण? ते ऐकलेले कान आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. आणि त्याला शेवटपर्यंत काय हवं होतं, हे तर माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही. नळदुर्गबरोबरची एक मॅच त्याला परत खेळून हवी होती. ती मॅच आम्ही सहा गोलांनी जिंकली होती. हरलेली मॅच परत मागणारे मी पुष्कळ पाहिले. जिंकलेली मागणारा हा एकच.

खोटं कशाला सांगू, बसूचा पाय फुटबॉलला कधी लागला नाही. अंगानं आडवा, चार पावलं पळाला की धाप लागायची. आम्ही दोघं निजामाच्या उर्दू शाळेत एका बाकावर होतो. तिथल्या ड्रिल मास्तरांना फुटबॉलचं वेड. त्यांनी गावातल्या बारा जातींच्या पोरांना अनवाणी पळायला लावलं आणि शाळा सुटली तरी ते वेड सुटलं नाही. तेली, मराठे, मुसलमान, एक जंगम, अशी आमची टीम. मी डाव्या कडेला खेळायचो. बसू आपल्या वडलांच्या गुळाच्या दुकानातून निसटून मैदानावर यायचा, ब्लॅडरमध्ये हवा भरायचा, लिंबं कापून ठेवायचा आणि मॅच सुरू झाली की बैलगाडीवर चढून ओरडायचा. त्याच्याभोवती पंचवीस-तीस जणांचं टोळकं, एक हलगीवाला. हा एक ओळ म्हणायचा, टोळकं दुसरी. बाहेरगावची टीम आली की निम्मी आमच्या खेळाला भ्यायची आणि निम्मी बसूच्या गळ्याला.

तेव्हा रीत अशी होती, की पाहुणी टीम आली की तिचं दुपारचं जेवण यजमान गावानं करायचं. नळदुर्गची टीम आली तेव्हा ते बसूच्या घरी होतं. रझाकारांचा जोर अजून व्हायचा होता, दिवस बरे होते. बसूच्या आईनं, आम्ही सगळे तिला अव्वाच म्हणायचो, गव्हाची हुग्गी केली होती. भरपूर गूळ, खोबरं, वरून तुपाची धार. नळदुर्गचा कॅप्टन हमीद. तिथल्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होता, शिडशिडीत, हसरा. पहिली वाटी झाल्यावर त्यानं आडवा हात धरला, “नक्को अव्वा, नक्को. खेलना है.” आता आपल्याकडं ‘नको’ला कोण विचारतं? पाहुण्यानं नको म्हणायचं आणि यजमानानं वाढायचं, हे दोघांनाही माहीत असतं. पहिल्या नकोला जो खरोखरच थांबतो, त्याला माणसं हलकट म्हणतात. बसूनं हमीदचा हात बाजूला केला. “आरं, पाव्हनं उपाशी खेळतेत व्हय? लोक आमच्या तोंडात शेन घालतील की!” आणि ओगराळं भरून वाढलं. सगळ्यांनाच वाढलं. यात कसलाही डाव नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आमच्या डोक्यात तेवढी अक्कलच नव्हती.

व्हायचं ते झालं. उन्हं उतरायच्या आत मॅच सुरू झाली आणि नळदुर्गवाल्यांना पाय उचलेनात. पहिला गोल आमच्या सेंटर फॉरवर्डनं नुसता चालत जाऊन घातला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या वेळी त्यांचा बॅक गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता आणि ढेकर देत होता. अख्ख्या मैदानानं तो पाहिला, आणि बसूला गाडीवर उभ्या उभ्या सुचलं. तो बोंबलला, “पाव्हनं नको म्हनत्यात!” टोळकं क्षणभर थांबलं आणि मग एका दमात ओरडलं, “वाढा अजून!” हलगीवाल्यानं ठेका धरला. चौथ्या गोलाला सगळं मैदान म्हणत होतं. बाजाराला आलेले खेडूत, मशिदीतून परतलेले म्हातारे, तहसिलीतले कारकून... हिंदू-मुसलमान कुणीच मागं नव्हतं. “पाव्हनं नको म्हनत्यात!” “वाढा अजून!” सहा झाले. मी पळता पळता इतका हसत होतो, की दोन वेळा बॉल बाहेर घालवला. मॅच संपल्यावर तर विचारू नका. कुणीतरी बसूच्या घरून रिकामी बादली आणि ओगराळं आणलं, आणि नळदुर्गवाले मोटारीत चढताना एकेकाच्या पुढं वाढल्याचं सोंग केलं. पोरं खाली मान घालून बसली. हमीद तेवढा हसला. खिडकीतून म्हणाला, “क्या रे बसू, खिला के मारे ना तुम लोगां!” जेवायला घालून मारलंत... आम्हाला ती दादच वाटली.

घरी गेल्यावर अव्वानं बसूला उंबऱ्यातच धरला. तिला सगळा गलका ऐकू गेला होता. “माज्या हातचं खाल्लं त्या लेकरांनी, आन् तू त्येचा तमाशा केलास? ताटावर बसवल्याला हासू न्हाय रे, पाप लागतंय.” एवढा मोठा बसू, वडलांनाही उलट बोलणारा, तिथं खाली बघत उभा राहिला. पण तीर सुटला होता. ती आरोळी हमीदच्या आधी नळदुर्गला पोचली. नाक्यावरचा कारकून कुणाला आवडतो? गाडीवाले जकात भरायचे, दहा-वीस कासरे पुढं जायचे आणि वळून ओरडायचे, “वाढा अजून!” पुढं पुढं तर ज्यांना मॅच माहीत नव्हती तेही ओरडायला लागले. बसूला हे गाडीवाल्यांकडूनच कळलं आणि तो खंतावला. एकदा मालाच्या निमित्तानं मुद्दाम नळदुर्गला गेला आणि हमीदला म्हणाला, “पुढल्या टायमाला आमी तुज्या गावात येतो. उपाशी पोटी खेळतो. तू बी पायजे तेवढे गोल कर.” हमीद म्हणाला, “आव ना. पर हमारे घर कू आके भूका कैसा खेलते? खाना तो पडताच.” दोघं हसले, पण हमीद पहिल्यासारखा हसला नाही, असं बसूनं मला परत आल्यावर सांगितलं.

ती मॅच झालीच नाही. दिवस फिरले. मैदानावर खाकीतल्या लोकांची कवायत व्हायला लागली, ड्रिल मास्तर गाव सोडून गेले, टीममधली मुसलमान पोरं आमच्याकडं बघेनात आणि आम्ही त्यांच्याकडं. गावोगावच्या लुटीच्या बातम्या यायला लागल्या. ज्यांचं सोलापूरकडं कुणी होतं त्यांनी बायामाणसं सरहद्दीपार धाडली. अव्वाही गेली. दुकान राखायला बसू एकटा मागं राहिला. मी आमच्या खेड्यात होतो, शाळेवर मास्तर. मग पोलीस ॲक्शन झाली. सोलापूरकडून फौज आली, नळदुर्ग सगळ्यात आधी पडलं. आम्ही सुटलो, हे खरंच आहे, आणि त्याचा आनंद आजही आहे. पण त्यानंतरच्या दिवसांत आपल्या भागात उलट्या बाजूनं मुसलमानांचं काय काय झालं, ते माझ्या वयाच्या माणसांना ठाऊक आहे. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

त्याच दिवसांत भर दुपारी हमीद बसूच्या दारात आला. पायी, बगलेत गाठोडं. बायकोचं माहेर हुमनाबादेला होतं, तिकडं निघाला होता. तो रझाकार होता की नव्हता, मला माहीत नाही. नाक्यावर सगळ्यांनाच खाकी घालावी लागायची. बसूनं त्याला आत घेतलं, तांब्या दिला. हमीद एका दमात पाणी प्याला. चुलीवर बसूनं स्वतःपुरतं पिठलं टाकलं होतं, टोपलीत भाकरी होत्या. बसू म्हणाला, “जेवतो का?” हमीद म्हणाला, “नक्को, नक्को. अब्बीच खाया.”

आणि बसू गप्प बसला.

पुढं चार दिवसांनी मी भेटलो तेव्हा त्यानं मला हे सांगितलं. “मास्तर, माज्या तोंडातून फुडचं आलंच न्हाय रे. वाढतो की, बस की, आसं म्हनायला गेलो आन् ते मैदान आठवलं. त्याला वाटलं आसतं, ह्यो आजून चेष्टा करतोय. म्या कुठल्या तोंडानं म्हनू, आजून घे म्हनून?” हमीद थोडा वेळ उभा राहिला. गाठोडं या बगलेतून त्या बगलेत घेतलं. टोपी नीट केली. मग “चलता” म्हणाला आणि उतरला. बसूच्या मनात होतं, की तो जेवायला बसला असता तर त्याला मागच्या गुळाच्या कोठीत ठेवून घ्यायचं, गाव निवेपर्यंत. पण ठेवून घ्यायला आधी माणूस बसायला पाहिजे ना. अव्वा घरी असती तर तिनं हाताला धरून बसवला असता. तिला विचारायची गरजच पडली नसती... महिन्याभरानं हमीदचा मेहुणा चौकशी करत आला. हमीद हुमनाबादेला पोचलाच नव्हता. कुठल्या शिवारात काय झालं, ते कधी कळलं नाही.

बसूनं नंतर कधी मैदानावर पाऊल ठेवलं नाही. धंदा वाढवला, घर वाढवलं, आणि जेवू घालायचं मात्र वेड घेतलं. त्याच्या घरून उपाशी परत गेलेला माणूस मला दाखवा. ट्रक ड्रायव्हर, वसुलीचे साहेब, काचेच्या बरण्या विकणारा, पत्ता चुकलेला वाटसरू, कुणीही असो. तुम्ही नको म्हणालात की हा मनगट धरायचा. ताटावर आडवे पडलात तरी बोटांच्या फटीतून वाढायचा. “आता माज्यासाठी म्हनून,” एवढंच म्हणायचा. लोक वैतागायचे. बसूअण्णाकडं जायचं तर आदल्या दिवसापासून लंघन करा, अशी गावात थट्टा होती. मीही केली आहे. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं, तेव्हा मी त्याच्यावर एकदा चांगलाच चिडलो होतो. तो हात मागं घेऊन म्हणाला, “रागाव, पन बस.” मी बसलो.

शेवटची दोन-तीन वर्षं तो अंथरुणालाच होता. मी गेलो की घरातले उठून जाईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचा आणि मग तेच विचारायचा. “मास्तर, त्याला भूक आसंल का रे?” मी म्हणायचो, “नसंल बसू. गडबडीत होता तो. तू म्हणाला असतास तरी थांबला नसता.” “व्हय,” तो म्हणायचा, “गडबडीत हुता.” त्याचं समाधान व्हायचं नाही, हे मला दिसायचं. पण दुसरं काय सांगणार? मलाही तसंच वाटत होतं. जीव घेऊन पळणारा माणूस पिठलं-भाकरीला कशाला थांबेल?

गेल्या आठवड्यात मी पुन्हा उमरग्याला गेलो होतो. मुलगा दुकानात होता, सूनबाई घरी. बसूची खाट हलवली होती, तिथं आता सोफा आहे. मी बसलो, चार गोष्टी बोललो. दुपार झाली होती. आतून फोडणीचा वास येत होता. सकाळी कपभर चहावर घरातून निघालेला माणूस मी. सूनबाईंनी विचारलं, “काका, जेवता का?” मी जन्मभराच्या सवयीनं म्हणालो, “नको, नको, आत्ताच झालंय.” ती “बरं” म्हणाली आणि आत गेली. तिचं काही चुकलं नाही. गुणी पोर आहे. हल्ली कुणाला साखर असते, कुणाला प्रेशर, आग्रह करणं असभ्य मानतात. मी थोडा वेळ बसून राहिलो. चष्मा पुसला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग “येतो बाई” म्हणालो आणि चपला घातल्या.

गल्लीच्या वळणावर माझ्या लक्षात आलं, की मी फार हळू चालतोय. थांबून चपलेचा अंगठा नीट केला. तो नीटच होता. माझे कान मागं लागले होते. कुणीतरी दारात येऊन “काका, अहो, असे काय निघालात” म्हणेल, म्हणून मी तिथं उन्हात उभा होतो. कुणी आलं नाही.

बसू आता नाही, हे एका परीनं बरं झालं. त्यानं पुन्हा विचारलं असतं, तर मला ‘नसंल’ म्हणता आलं नसतं.