डावं पुढचं चाक

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास मी लग्न होऊन बुलढाण्याला आले. माझं माहेर नगरकडचं. यजमान बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करत. त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी विलायती गाडी घेतली होती आणि सुटीच्या दिवशी ते बहुतेक वेळ तिच्याखाली आडवे पडलेले असत. गाडीतलं त्यांना बऱ्यापैकी कळायचं. मला मात्र घाटाची फार भीती वाटायची.

नणंदेचं तिसरं बाळंतपण भुसावळला सासरीच व्हायचं होतं. सासूबाई तिकडे निघाल्या. मलकापूरला त्यांना आगगाडीत बसवून द्यायचं, म्हणून आम्ही तिघं सकाळी निघालो. सासूबाई मागे, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मी पुढे, यांच्या डाव्या हाताला.

गाव मागे पडलं, सपाट रस्ता लागला आणि यांनी वेग वाढवला. तशी गाडी थरथरायला लागली. आधी वाटलं, रस्ताच खराब आहे. पण यांच्या हातातलं चाक असं कापत होतं, की त्यांच्या मनगटावरचं घड्याळ खाली-वर सरकत होतं.

"बाबू, गाडी अशी काऊन करून राह्यली?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"काही नाही व आई. रस्ता खराब आहे."

वेग कमी केल्यावर थरथर थांबली. मी सुटकेचा श्वास घेतला. पण राजूर घाट सुरू झाला, पहिल्या वळणावर यांनी ब्रेक दाबला, आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज झाला. घर्र्र. माझ्या दातांतून कळ गेली. यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. यांनी कशीबशी डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. मी उतरून चाकांना मोठे दगड लावले.

"थरथर ब्रेक न दाबताही होते," हे स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हणजे नुसता ब्रेकचा दोष नाही. तू बाजूनं चाल. मी गाडी हळू सोडतो. कोणतं चाक वाजते ते ऐक."

दगड काढले. एका हातानं पदर सावरत मी गाडीबरोबर चालले. आवाज माझ्याच बाजूचा होता, डाव्या पुढच्या चाकाचा. पुन्हा दगड लावून यांनी ते चाक जॅकवर उचललं, वरून आणि खालून धरून हलवलं. हललं! गाडीचं चाक असं हिंदकळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आत बस अन् ब्रेक दाबून धर."

मी दाबला. यांनी पुन्हा हलवून पाहिलं. आता हलेना. "ब्रेकनं धरलं की हलत नाही, म्हणजे बेअरिंगच ढिलं आहे," हे म्हणाले. त्यांनी मधलं टोपण काढलं. आत ग्रीस जळून काळं झालं होतं, चाक धरून ठेवणारा नट ढिला पडला होता आणि त्याला अडवणारी पिन जागेवर नव्हती.

"चाक निघालं असतं का हो?" मी विचारलं.

यांनी पान्हा उचलला.

नट आवळून, पिनेच्या जागी तार ओवून त्यांनी गाडी खाली घेतली. तेवढ्यात वरून एस.टी. आली. हात करून आम्ही ती थांबवली आणि सासूबाईंना आत चढवलं. त्या दारातूनच ओरडल्या, "पोरी, तू काऊन थांबून राह्यली? चाल माझ्यासंगं!"

जावं असं फार वाटलं. पण डावं चाक ऐकायला कुणी तरी हवं होतं. उजवीकडे बसून यांना ते नीट ऐकू येत नव्हतं. "तुम्ही व्हा पुढे," एवढंच मी म्हणाले. एस.टी. वळणाआड गेली आणि घाटात आम्ही दोघंच उरलो.

पहिल्या गिअरमध्ये आम्ही उतरू लागलो. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. खाली दरी दिसायची, म्हणून डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की आवाज आणखी मोठा व्हायचा. खडी चिरडल्याचा आवाज, इंजिनाचा, माझ्या छातीचा; यातला चाकाचा कोणता ते कळेना. एका उतारावर पुन्हा बारीक घर्र ऐकू आली.

"थांबा! थांबा!"

यांनी ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली, खडीवरून घसरली आणि कठड्यापाशी जाऊन थांबली. दार उघडायला जागा नव्हती. मी यांच्या बाजूनं सरपटत उतरले आणि तिथेच रस्त्यावर बसले. यांनी चाकाच्या मध्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तार शाबूत होती. चाक गार होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

घाट उतरल्यावर यांनी सांगितलं, "मले चाकाचं काहीच ऐकू येत नव्हतं. सारं ध्यान तुझ्या ओरडण्याकडं होतं."

मलकापूरला सासूबाई फलाटावर उभ्या होत्या. आम्हाला बघून त्या रडल्या, मग यांना खूप बोलल्या. आगगाडी अजून यायचीच होती. त्या वेळेवर भुसावळला पोचल्या. नंतर तिथल्या गॅरेजात मिस्त्रीनं चाक उघडलं तेव्हा फुटक्या बेअरिंगचे तुकडे हातात आले. ब्रेकचं अस्तरही एका बाजूनं पार घासलं होतं. गाडी तिथेच ठेवून आम्ही दुपारच्या एस.टी.नं परत निघालो. घाट लागला तसे हे खिडकीजवळची जागा सोडून माझ्या पलीकडे येऊन बसले, आणि बुलढाणा येईपर्यंत त्यांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.