एकशेवीसच्या आतले फटाके

फटाक्यांचा आवाज मोजणाऱ्या बाईंना खात्यात सगळे 'खात्रीबाई' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! बाई एक घड्याळ बरोबर आहे का ते दुसऱ्या घड्याळात बघायच्या आणि विश्वास दोन्हींवर ठेवायच्या नाहीत. नवरा होता तोवर तो बिचारा दारातूनच सांगायचा म्हणे, "खरंच ऑफिसातूनच येतोय गं!"

काम मात्र चोख. दुकानात विकायच्या फटाक्याचा आवाज आठ मीटरवरून एकशेवीस डेसिबलच्या वर जाता कामा नये, असा नियम. कारखान्याच्या गोदामात खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या. बाईंनी तिथे जायचं, पाच खोकी काढायची, सील करायची, खात्याच्या आवारात नेऊन त्यातले फटाके वाजवायचे आणि मीटरवरचा आकडा लिहायचा. पाचही खोकी पास झाली की सगळा माल दुकानांत. खोकं दुसऱ्या कुणी काढून दिलं तर बाई ते परत थप्पीत ठेवायला लावायच्या. "तुमच्या हाताची मला खात्री नाही," असं सरळ सांगायच्या. मग समोरच्याला वाईट वाटो नाहीतर काही होवो.

एवढं करूनही एक दिवस कानात कापूस घातलेला शिंपी ऑफिसात येऊन उभा राहिला. त्याच्या दुकानासमोर कुणीतरी फटाका लावला होता, आणि त्या फटाक्याचं रिकामं खोकं त्याने सोबत आणलं होतं. खोक्यावर बाईंच्या खात्याचा शिक्का!

"चार दिवस झाले, या कानाने मशीनचा आवाज येत नाही," शिंपी म्हणाला.

बाईंनी आधी त्याच्यावरच संशय घेतला. "ऐकू येत नाही म्हणता, मग मी बोलतेय ते कसं कळतंय?"

"दुसरा कान आहे ना बाई अजून."

बाई उठल्या, दुकानात गेल्या, त्याच मालातलं एक खोकं विकत आणलं आणि वाजवलं. एकशे अडतीस. मीटरचे सेल बदलले, मग मीटरच बदलला. एकशे अडतीस! आणि त्यांच्या वहीत याच मालाचे आकडे होते एकशे चौदा, एकशे सोळा, एकशे तेरा.

कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे? बाईंनी सील भिंगाखाली धरून बघितलं. खोकी आणणाऱ्या ड्रायव्हरला वाटेत कुठे थांबलास ते तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तो वेगवेगळ्या शब्दांत वैतागला. सगळं जागच्या जागी होतं. मग एकच गोष्ट उरत होती. आपण कुठली खोकी काढणार हे कारखान्याला आधीच कळत असणार. आणि त्या गोदामाचा प्रमुख कोण? बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

त्या तडक त्याच्या घरी गेल्या. "तू मालकाला माझ्याबद्दल काय सांगतोस?"

"कशाबद्दल, ताई?"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस. माल कसा पास होतो ते बोल!"

दुसऱ्या दिवशी भावाने गोदामाची नोकरी सोडली आणि बाईंना चिठ्ठी पाठवली, 'माझ्यामुळे तुझ्या नोकरीला बट्टा लागायला नको.' बाई म्हणाल्या, बघा, पकडला जाणार म्हणून पळाला! म्हणाल्या आणि मग दार लावून खूप रडल्या. आई गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं होतं हो.

खात्याला अहवाल शुक्रवारी हवा होता. त्यात एक रकाना होता, 'माहिती कोणाकडून फुटली'. तिथे भावाचं नाव लिहिलं की त्याच्यावर खटला होणार, हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. शेवटी फॉर्म पर्समध्ये टाकून त्या पुन्हा एकदा खात्री करायला गोदामात गेल्या.

नवा माल आला होता. बाईंनी थप्पीकडे हात नेला तशी हमालीण कौतुकाने म्हणाली, "घ्या बाई, तुमच्या हाताशीच लावलीयत."

"म्हणजे?"

"मालक म्हणतात, बाईंना वाकायला लावायचं नाही, हात वर करायला लावायचा नाही. तुमची खोकी नेहमी या मधल्या थरात. ती वेगळ्या गाडीने येतात ना!"

बाईंचा हात तिथेच थांबला. दोन-तीन वर्षांपासून त्यांची कंबर धरली होती. तेव्हापासून त्यांनी जमिनीलगतचं खोकं एकदाही काढलं नव्हतं, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. साऱ्या जगावर संशय घेतला, तेवढा आपला हात वगळून! बाईंना स्वतःची भयंकर चीड आली. त्या आई गं करत खाली बसल्या आणि तळाची पाच खोकी ओढून काढली. एकही एकशे पस्तीसच्या खाली वाजलं नाही. बाईंनी सगळा माल जागच्या जागी अडवला.

मग त्या भावाकडे गेल्या. "मी चुकले रे. तू नव्हतास," म्हणाल्या आणि खोक्यांचं, अहवालातल्या त्या रकान्याचं, सगळं सांगितलं.

भावाला आनंद व्हायला हवा होता. तो मटकन खुर्चीत बसला. "ताई, तुझ्या कमरेचं मीच सांगितलं मालकाला. तू एकदा भिंत धरून गोदामातून बाहेर पडत होतीस, मला बघवेना. म्हटलं, माझ्या बहिणीला वाकायला लावू नका. ते लगेच हो म्हणाले. मला वाटलं, काय भला माणूस आहे!"

बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"लिही माझं नाव," भाऊ म्हणाला. "माहिती माझ्याकडूनच गेली."

बाईंनी पर्समधून फॉर्म काढला, तिथेच टेबलावर लिहिला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"ताई, हे खरं नाही."

"खोकी कुणी काढली?"

"तू."

"मग गप्प बस," बाई म्हणाल्या, "आणि इथे साक्षीदार म्हणून सही कर."