बरणीतले मासे

वेणूकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरला, कॉलेजजवळच्या थांब्यावर किन्हवलीच्या एसटीची वाट पाहत होते. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, काकी गेली." आणि माझ्या तोंडून निघालं, "बघितलंस, का ऐकलंस?" तो हळूच म्हणाला, "बघितलं गो." त्या वेळी असं विचारू नये, हे मला कळतं. पण तो प्रश्न मुळात काकीचा. वाडीत कोणीही कसलीही बातमी आणली, की ती आधी हेच विचारायची.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. आमच्या शेजारीच राहायची. काका झाडावरून पडले तेव्हापासून ओटीवरच्या खाटेवर असतात. त्यांचं सगळं तिनेच केलं. एकदा ती ग्रामपंचायतीवर निवडून आली होती. पण त्याआधी आणि त्यानंतरही वाडीतली कोणी बाई बाळंतपणाला निघाली, की गाडीत तिच्या शेजारी काकी असायचीच. दवाखान्यात ती नर्सला इतके प्रश्न विचारायची, की नर्स म्हणायच्या, "मावशी, तुम्ही बाहेर बसा." ती दारातच बसायची. स्वतःच्या मुलींची लग्नंही तिने अशीच केली. मुरबाडकडचं स्थळ आलं, तर बस चुकल्याचं सांगून त्या गावच्या विहिरीवर जाऊन बसली. मुलाच्या आईचं नाव काढल्याबरोबर पाणी भरणाऱ्या बायका गप्प झाल्या. काकीने घरी येऊन नकार कळवला. "मुलगा नवा कपडा घालून येतो गो," ती मला म्हणाली होती, "पाण्यावर येणाऱ्या बाया तशा येत नाय."

खरं सांगायचं तर लोकांना तिचा हा स्वभाव जाचायचा. मलाही. कॉलेजातली मैत्रीण घरी आली, तर काकी तिला चहा द्यायची आणि तिच्या आजोळापर्यंत चौकशी करायची.

उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो, मग टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओततो. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात वाडीतल्या पोरांना उलट्या-जुलाब झाले. काकीच्या नातवाला तर शहापूरला न्यावं लागलं. तो वाचला. ते पाण्यानेच झालं का, हे कोणीच नीट सांगितलं नाही... पण काकीने दुकानातली गोळ्यांची काचेची बरणी मागून आणली आणि ओढ्याच्या डोहातले चार बारीक मासे तिच्यात सोडले. तेव्हापासून टँकर आला, की पाइपाचं पहिलं पाणी त्या बरणीत. बरणी विहिरीच्या काठावर, ड्रायव्हर सावलीला. "तुझी विडी संपेस्तोवर थांब," ती त्याला सांगायची. तो चिडवायचा, "काकी, मासे पाळलेत का जावई?" ती बरणीवरची नजर न काढता म्हणायची, "जावई पण असेच पारखून घेतलेत रे."

एकदा मासे उलटे झाले. ड्रायव्हर म्हणाला, पाण्यात औषध टाकलंय, त्याने मासा मरतोच, माणसाला काही होत नाही. काकीने टँकर परत पाठवला. भर उन्हात बायकांना ओढ्यातले झरे उपसायला जावं लागलं. कोणी तिच्याशी धड बोलेना, माझी आईसुद्धा. पुढच्या निवडणुकीत ती पडली. त्या दिवशी कोणाचं खरं होतं, मला आजही माहीत नाही. मी तिला विचारलं होतं, "काकी, मासे चुकले असतील तर?" ती म्हणाली, "मासा खोटं बोलत नाय गो. उशिरा बोलतो, एवढंच."

दहाव्यानंतर शाळेच्या पडवीत शोकसभा झाली. टँकरचे मालक आले होते. "आमची आई गेली," ते म्हणाले. डोळेही पुसले. मग म्हणाले, आता पाण्याची काळजी माझ्यावर, तुम्ही निर्धास्त राहा. बायकांनी माना डोलावल्या. मी मात्र त्यांच्या रुमालाकडे पाहत राहिले. माणूस खरंच रडला असेल... तरी निर्धास्त राहायला ते का सांगत होते, हे मला कळेना. आई कुजबुजली, "काकीसारखी बघू नको."

दोन दिवसांनी टँकर आला. बायका हंडे घेऊन जमल्या. काकांनी खाटेवरून विचारलं, "बरणी नेली का गो कोणी?" बरणी कोनाड्यात होती. पाणी ताजं दिसत होतं. काकाच सुनेकडून रोज बदलून घेत असणार. मी ती उचलून विहिरीवर नेली. जुनं पाणी थोडं ओतून टाकलं, पाइपाचं पहिलं पाणी भरलं. ड्रायव्हर जुनाच होता. कोणी काही न सांगता तो सावलीला बसला आणि त्याने विडी पेटवली.

मासे फिरत होते. एक जरा खाली होता. तो नेहमीच खाली असतो की आजच, हे मला सांगता येईना. काकीला सांगता आलं असतं. विडी संपली. ड्रायव्हर उठला, पाइप विहिरीकडे वळवला. बायकांनी हंडे उचलले आणि माझ्याकडे पाहिलं. आईनेसुद्धा.

"झालं ना, ताई?" त्याने विचारलं.

मी बरणीवरची नजर काढली नाही.

"दुसरी विडी लाव, दादा," मी म्हटलं.