उकललेल्या बारदानाचे दोर

दोर वळायला बसलं की हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. त्यामुळे आमच्या निपाणीच्या अंगणात दोरापेक्षा किस्सेच जास्त निघायचे!

लढाई सुरू झाली आणि ज्याचे आम्ही दोर वळायचो तो केकताडाच्या पानांचा वाख बाजारातून नाहीसाच झाला. सगळा मिलिटरीकडे. थोरले दीरही पलटणीबरोबर गेले होते. मग माझ्या थोरल्या जावेनं, आक्कानं, तंबाखूच्या वखारीतलं फाटकं बारदान आणलं आणि ते उकलून सुतळ्या काढायला बसली.

*

त्यातली पहिली म्होरकी, बैलाच्या तोंडावर बांधायची दोरी, एका शेतकऱ्यानं बेंदराला नेली. मिरवणुकीत बैल शिंकायचा थांबेना. संध्याकाळी गडी दारात हजर. "आक्का, बैलाला तपकिरीचा नाद लावलासा की!"

आक्का म्हणाली, "मग आता डबी बी घ्या त्याला."

*

लेकीला लग्नात दुधाचं मडकं टांगायला शिंकं द्यायची रीत. शेजारच्या गंगूला आम्ही बारदानाचं दिलं. तिच्या कणकुंबीच्या सासूनं निरोप धाडला, दुधाला तंबाखूचा वास येतोय. आम्ही दुसरं वळून घेऊन गेलो, तर गंगू जुनं सोडेना. "ऱ्हाऊ दे गं आक्का. दूध नव्यात ठेवते. ह्याला निपाणीचा वास हाय."



*

दोर वळताना एकानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं टोक धरायचं. टोक थोरले दीर धरायचे. ते गेल्यापासून आक्का टोक अंगणातल्या लिंबाच्या झाडाला बांधायची. मी एकदा म्हटलं, "मी धरते की."

"नगं. त्यांची जागा हाय ती. आल्यावर कुठं हुबं ऱ्हातील?"

मी हसले खरी, पण जाऊन लिंबाची गाठ घट्ट करून आले.

*

लढाई संपली. गावातले एकेक जण परतले. थोरले दीर आले नाहीत, खबरही नाही. त्या दिवसांत बेळगावच्या खडेबाजारात मिलिटरीचे तुटके दोर ढिगानं विकायला आले. आम्ही एक गठ्ठा आणला. उकलता उकलता आक्काचे हात थांबले. एक तुकडा उलट्या पिळाचा निघाला. थोरले दीर डावखुरे, कधी पीळ द्यायला बसले तर तो असाच पडायचा.

"त्यांचा हात हाय ह्यो," आक्का म्हणाली.

"आक्का, डावखुरी माणसं का थोडी हायेत?"

तिनं ऐकलंच नाही. तुकडा खुंटाला अडकवला, त्यात आपली सुतळी गुंफली आणि जन्मात पहिल्यांदा उलटा पीळ देत मागं सरकू लागली. अंगण संपलं, तशी फाटकातून रस्त्यावर गेली.

"आक्का, किती लांब वळणार?"

"पोचंल तेवढा."