राजाकडे पाहणारे

पौडात शब्बीरभाईंच्या सायकल दुकानात एक तसबीर टांगलेली असे. धरणावरचा कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना बंगल्यातलं सामान विकून गेला, त्यातली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, नुसत्या काळ्या रेघांची. परमुलखातल्या कुठल्याशा पुराणकथेतला दरबार. मधल्या माणसाच्या डोक्यावर मुकुट नाही, अंगावर एकच वस्त्र. पण राजा कोण, ते सांगावं लागत नसे.

बहिरू त्या तसबिरीपुढून हलत नसे. जत्रेच्या नाटकात तो दरसाल भालदार. राजा होण्याचा मान कोंडाजी पाटलांच्या घराचा. आणि बहिरूला जन्मात एकदा राजा व्हायचं होतं.

"भाई, ह्यो काय करतुया, म्हून राजा वाटतुया?"

"काय बी न्हाई करत. बसलाय. तू बी नुसता बसू नगं, ती ट्यूब धर."

छप्पन साली ऐन जत्रेत पाटील तापानं फणफणले, आणि मुकुट बहिरूच्या डोक्यावर आला! पडदा उघडला. तो हुबेहूब तसबिरीसारखा बसला: पाठ ताठ, हात मांडीवर, नजर दूर. पण गावच्या नाटकाची रीतच अशी, की सगळ्यांनी बत्तीपुढे ओळीनं उभं राहून भाषण लोकांना ऐकवायचं. प्रधान झालेल्या गेणबानं तर मुजराही लोकांनाच घातला. राजाकडे कुणी वळलंच नाही.

"राजाला डुलकी लागली रं!" मागून कुणी ओरडलं.

"लई रुबाबात बसला हुता," घरी त्याची बायको साळूबाई म्हणाली.

"बघितलं कुणी?" बहिरू पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसबिरीपुढे. या खेपेला राजाला सोडून त्यानं भोवतालचे पाहिले. म्हातारे, शिपाई, गुडघे टेकलेली बाई, सगळ्यांचे डोळे एकाच माणसावर.

पुढल्या साली पाटील ठणठणीत होते. भालदार बहिरूनं ललकारी दिली आणि तो लोकांकडे चक्क पाठ फिरवून पाटलांकडे पाहत उभा राहिला. गेणबा गोंधळला, त्याचीही मान वळली. मग एकेकाची. मैदान चिडीचूप! चिकटवलेली मिशी सुटत होती, तरी पाटील राजा दिसले.

"बहिऱ्या, आज खरा राजा झालो बघ," रंग पुसता पुसता पाटील म्हणाले.

"व्हय, पाटील."

पाटलांनी पेटीत ठेवायला दिलेला मुकुट दोन्ही हातांत धरून बहिरू तसाच उभा राहिला. गेणबा पेटी उघडून केव्हाचा वाट पाहत होता.