परभणीला न्या

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी दत्तराव गेली सव्वीस वर्षं आहेत. हुद्दा शिपायाचा, पण गावात त्यांचा शब्द डॉक्टरपेक्षा मोठा. पेशंट घेऊन कोणी आलं की आधी पेशंटच्या तोंडाकडं बघायचे, मग आणणाऱ्याच्या, आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "इथं काय न्हाई. परभणीला न्या."

खाजगी दवाखान्यांकडून त्यांना काही मिळत असेल अशी शंका आली असेल, तर ती मनातून काढून टाका. या माणसानं परभणीच्या एकाही डॉक्टरचा साधा चहा प्यायलेला नाही. ते असं का म्हणायला लागले, ते मला ठाऊक आहे. नोकरीला लागून वर्ष झालं असेल. शेजारच्या वस्तीवरची एक अडलेली बाई व्हरांड्यातल्या बाकावर पाच तास पडून होती. डॉक्टर शहरात राहायचे आणि मनात आलं तर यायचे. औषधाच्या खोलीला कुलूप. दत्तराव तिला पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. बाई गेली, पोटातलं लेकरूही गेलं. त्यानंतर त्या बाकावर त्यांनी कोणाला बसूच दिलं नाही.

त्यांच्या सांगण्यानं माणसं वाचलीही, खोटं कशाला बोलू? माझ्या लेकीचं बाळंतपण अडलं तेव्हा त्यांनीच मला फाटकातून पुढं पिटाळलं, आणि परभणीत दोन तासांत नातू हातात आला. मी पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "मी काय केलं गुरुजी? नुसती वाट दाखवली."

पण वाट एकदा पडली की पडली. बघता बघता गावात रीतच झाली. आजारी माणसाला परभणीला नेलं म्हणजे माया, सरकारीत ठेवलं म्हणजे घरच्यांनी हात आखडला. बापाला सरकारीत ठेवणाऱ्या पोराला पारावर लोक तोंडावर विचारायचे, "बापापरीस पैसा मोठा झाला का रे?" तिकडं काचेचं दार, थंड हवा, आत पाय टाकला की फाईल, रक्त, फोटो. नेलेला माणूस परत येवो न येवो, नेणाऱ्याला कोणी नावं ठेवत नसे. आणि यात मी स्वतःला वगळत नाही. शाळेत तीस वर्षं पोरांना शहाणपण शिकवलं आणि वागलो चारचौघांसारखाच.

दोन वर्षांपूर्वी भक्ती मॅडम आल्या. वयानं लहान, जिभेनं तिखट. दवाखान्यामागच्या पडक्या क्वार्टरमध्ये सामान टाकून तिथंच राहायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दत्तरावांना धारेवर धरलं. "दत्तराव, तुम्ही फाटकातूनच पेशंट परत पाठवता. मग मी इथं काय माशा मारत बसू?"

दत्तराव हसले. असे लय डॉक्टर आले नि गेले, असं मला म्हणाले. पण या मॅडम गेल्या नाहीत. बाळंतपणं होऊ लागली. गेल्या जूनमध्ये सापाच्या विषावरची इंजेक्शनं आली. ती दत्तरावांनी स्वतःच्या हातानं फ्रिजमध्ये लावली. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मॅडमनी बजावलं, "पान लागलेला माणूस आला तर एक मिनिट घालवायचं नाही. इथंच उतरवायचा." तेव्हापासून दत्तराव फाटकात उलटं सांगायला लागले, "आता इथंच थांबा." लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला वरून दम बसलेला दिसतोय.

गावभर सांगितलं. घरी मात्र सांगायचं राहून गेलं. दवाखान्यातलं घरी बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती.

त्यांच्या बायको सुलाबाई रोज दुपारी एकला डबा घेऊन फाटकापर्यंत यायच्या. आत कधी पाऊल टाकलं नाही. "आत गेलं की चांगलं माणूस बी आजारी पडतंय," म्हणायच्या आणि नवऱ्याचं जेवण होईस्तोवर बाहेर दगडावर बसायच्या. नवरा-बायकोचं बोलणं फार नसायचं, पण भाकरी गरम असायची.

पोळा होऊन आठवडा झाला होता. मी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला गेलो होतो. दीड वाजत आला तरी डबा आला नव्हता, म्हणून दत्तराव फाटकात उभं राहून रस्त्याकडं बघत होते. फरशी पुसताना काढलेला सदरा आत खुंटीला होता, फोन सदऱ्याच्या खिशात. तेवढ्यात गावाकडून हॉर्न वाजवत भाडं मारणाऱ्या परमेश्वरची जीप आली. फाटकासमोर रस्त्यावर गुरं बसली होती. दत्तराव धावले, काठीनं गुरं उठवली आणि जीपला हात केला, जा जा म्हणून. मागचा पडदा खाली होता. जीप धुरळा उडवत निघून गेली.

"कोणाचा तरी पेशंट दिसतोय," ते म्हणाले. "लवकर पोचू दे बाबा."

आत येऊन फोन बघितला तर सुनेचे, सुकेशनीचे चार फोन. त्यांनी लावला. सुकेशनीचं रडणं मला शेजारी ऐकू येत होतं. भाकरी थापता थापता सरपण संपलं म्हणून सुलाबाई गोवऱ्या काढायला उडव्यापाशी गेल्या होत्या. तिथं पान लागलं.

"जीप फिरवा!" दत्तराव ओरडले. "माघारी या! औषध हितंच हाय, माझ्या हातानं ठेवलंय!"

"मामा, पैशाकडं नका बघू," सुकेशनी म्हणाली. "मामींचे डोळे झाकायलेत. ह्यांनी पुण्याहून सांगितलंय, मोठ्या दवाखान्यात ने म्हणून. तुमीच म्हणायचे ना, सरकारीत काय न्हाई?"

आणि फोन बंद झाला. परत लावला तर उचलेना. दत्तरावांचा चेहरा मी बघितला. तो चेहरा मला या जन्मी विसरता येणार नाही.

मॅडम एका बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या. रक्ताचे हातमोजे तसेच ठेवून बाहेर आल्या, बर्फाच्या डब्यात इंजेक्शनं भरून दिली, म्हणाल्या, "पळा. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलते." मी मोटारसायकल काढली. मागं दत्तराव, डबा पोटाशी धरून. सबंध रस्ताभर एकच वाक्य म्हणत होते, "मीच गुरं हाकलली गुरुजी, मीच हाकलली."

परभणीत त्या मोठ्या दवाखान्याच्या काचेच्या दारासमोर परमेश्वरची जीप उभी होती, पडदा वर केलेला. अर्धा तास फाईल करण्यात गेला होता. मग आतल्या माणसानं सुकेशनीला सांगितलं होतं, "हे इंजेक्शन आम्ही ठेवत नाही. सरकारीत मिळतं. तिकडं न्या." परत जीपमध्ये घालेपर्यंत सुलाबाईंचा श्वास थांबला होता.

दत्तराव डबा घेऊन जीपमध्ये चढले. झाकण उघडून एकेक बाटली सुकेशनीला दाखवत राहिले. ती पोर काय बघणार? तिनं तोंडात पदर कोंबला होता.

महिन्याभरानं ते कामावर आले. आता फाटकात बसत नाहीत, उभे असतात. कोणी आजारी दिसलं की हात जोडतात, "इथंच थांबा. औषध हाय. आईच्यान हाय." परवा एका तरण्या माणसानं त्यांना माझ्यासमोर सुनावलं, "सोताच्या बायकोला परभणीला धाडलं, आन् आमाला हितं ठेवायलाव व्हय?" दत्तरावांनी पुन्हा हात जोडले.

त्या माणसाचा मला संताप आला होता. चार शब्द ऐकवलेही.

गेल्या आठवड्यात माझ्या नातीला ताप चढला. तिला घेऊन सून गाडीवर मागं बसली. फाटकाजवळ आलो तेव्हा तिनं विचारलं, "इथं दाखवायचं, मामा?" एवढंच विचारलं, पण तिच्या आवाजात गावचा सगळा पार ऐकू आला मला. समोर दत्तराव हात जोडून उभे होते. मी गाडीचा वेग कमी केला नाही.

रस्त्यावर गुरं बसली होती. दत्तरावांनी काठी उचलली आणि मला वाट करून दिली.